वारसा रक्ताचा की राखणीचा?

महसूल खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला ‘वारस’ हा शब्द भावनेने वाचण्याची सवय उरत नाही. खातेदार दिवंगत झाला की फौती नामांतरणाचा अर्ज येतो. मृत्यूचा दाखला, वंशावळ, पटवाऱ्याचा अहवाल, हरकतींसाठी जाहीर सूचना आणि मग नोंद. या सबंध प्रक्रियेत मुख्य प्रश्न एकच असतो : मयताशी नाते काय? अर्जदाराने ती जमीन कधी नांगरली काय, तिला बांध घातला काय, विहिरीतला गाळ काढला काय, हे कोणी विचारीत नाही. विचारू नये हेही योग्यच. कारण ते विचारू लागलो तर प्रत्येक शेताचा खटला होईल. कायद्याला निश्चिती हवी असते आणि रक्ताच्या नात्याइतके निश्चित असे त्याला दुसरे काही सापडत नाही.

परंतु शेत, घर आणि दागिने यांच्यापलीकडेही वारसा असतो. भाषा, देवस्थाने, समाध्या, जुने कागद, सणवार यांचा खसरा कोठल्याही तहसिलीत नसतो. त्यांचा वारस कोण मानावा? ज्या कुळात ती गोष्ट निर्माण झाली त्या कुळात जन्मलेला, की जन्म कोठेही झाला तरी जो ती सांभाळतो तो? शिंदे-होळकरांच्या काळात माळव्यात येऊन स्थिरावलेल्या आपल्यासारख्या घराण्यांना हा प्रश्न वारंवार भेटतो. पण आपण त्याच्यात इतके गुंतलेले असतो की त्याकडे तटस्थपणे पाहणे कठीण जाते. मला तो मोकळेपणाने पाहता आला तो एका अगदी परक्या भूमीत, वेल्समध्ये. तेथील प्रागैतिहासिक स्थळांच्या बाबतीत हा प्रश्न पार सोलून समोर ठेवल्यासारखा दिसतो. ज्यांनी ती उभारली त्यांचे नाव, भाषा, देव, यांपैकी काहीही मागे उरलेले नाही. आणि तरीही ती कोणीतरी जपून ठेवली आहेत.

मुलगा नोकरीनिमित्त कार्डिफला असतो. २०२४ च्या मे महिन्यात आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो आणि भाड्याची मोटार घेऊन नऊ दिवस दक्षिणेकडून उत्तरेकडे फिरलो. वाहन रस्त्याच्या डावीकडूनच हाकायचे असते आणि भारतीय परवाना तेथे वर्षभर चालतो, त्यामुळे अडचण अशी नव्हती. अडचण होती ती दोन्ही बाजूंच्या उंच कुंपणांमधून जाणाऱ्या अरुंद रस्त्यांची. देश केवढा? आपल्या मध्य प्रदेशाचा जेमतेम पंधरावा हिस्सा. वेल्स किल्ल्यांसाठी प्रसिद्ध आहे, परंतु तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवलेली माझी पत्नी म्हणाली, “किल्ले आपण पुष्कळ पाहिले. मला किल्ल्यांच्या आधीचे दाखवा.” म्हणून आमचा मार्ग दगडांच्या मागोमाग ठरला.

कार्डिफच्या पश्चिमेला, शहरापासून थोड्याच अंतरावर टिंकिन्सवुड नावाचे दफनस्थान आहे. सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी, म्हणजे त्या भूमीवर शेती नुकतीच रुजत असताना, तेथल्या लोकांनी उभ्या शिळांवर एक प्रचंड आडवी शिळा ठेवली. तिचे वजन सुमारे चाळीस टन असावे असा अंदाज आहे. १९१४ मध्ये जॉन वॉर्ड यांनी तेथे उत्खनन केले तेव्हा किमान पन्नास माणसांच्या अस्थी मिळाल्या. सर्वांच्या अस्थी एकत्र मिसळलेल्या होत्या. कोणा एकाची समाधी तेथे नव्हती. ती साऱ्या वस्तीची होती. माझे लक्ष मात्र अस्थींच्या हकिकतीपेक्षा एका विटांच्या खांबाने वेधले. छताच्या शिळेला आधार म्हणून १९१४ मध्येच तो आत बांधला गेला. जुन्या दगडासारखा दिसावा असा कोणताही प्रयत्न त्यात नाही. सहा हजार वर्षांच्या शिळेखाली साध्या विटा सरळ उभ्या आहेत. पत्नीला तो कुरूप वाटला. मला तो फार प्रामाणिक वाटला. ‘येथपर्यंत त्यांचे, येथून पुढे आमचे’ असे तो खांब कोणतीही पाटी न लावता सांगतो.

तेथून पश्चिमेस गावर नावाचे द्वीपकल्प आहे. त्यातल्या एका हिरव्या दरीत पार्क ले ब्रिओस हे लांबट दगडी दफनस्थान दिसते. १८६९ मध्ये रस्त्यासाठी खडी खणणाऱ्या मजुरांना ते सापडले. म्हणजे आणखी काही दिवस ते काम तसेच चालले असते, तर सुमारे चाळीस माणसांचे हे विश्रांतिस्थान कोठल्यातरी रस्त्याच्या भरावात गडप झाले असते. ते उकरून पाहणाऱ्यांमध्ये सर जॉन लबक होते. ‘नवाश्मयुग’ आणि ‘पुराश्मयुग’ या अर्थाचे शब्द इंग्रजीत रूढ करणारे हेच गृहस्थ. पुढे १८८२ मध्ये ब्रिटनमधील प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा पहिला कायदा त्यांच्याच प्रयत्नांनी संमत झाला.

या कायद्याविषयी महसुली माणूस म्हणून दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. त्या काळच्या जमीनदारांना आपल्या मालकीत सरकारने हात घातलेला मुळीच खपत नसे. तेव्हा कायद्याने एक मधला मार्ग काढला. जमिनीची मालकी मालकाकडेच राहील. मात्र त्याने संमती दिली तर स्मारकाचे पालकत्व सरकारकडे येईल. मालकी एकाकडे आणि राखण दुसऱ्याकडे, अशी ही विभागणी होती. आपल्याकडे लॉर्ड कर्झन यांच्या काळात झालेल्या १९०४ च्या प्राचीन स्मारक कायद्यातही ही पालकत्वाची तरतूद होती. आम्ही कार्यालयात मालकी, ताबा आणि वहिवाट असे तीन शब्द रोज वापरीत असू. पालकत्व हा चौथा शब्द त्या तिन्हींहून वेगळा आहे. त्यात उपभोग नाही, विक्री नाही, वारसनोंदही नाही. केवळ कर्तव्य आहे.

वेल्समध्ये हे कर्तव्य आज ज्या सरकारी विभागाकडे आहे त्याचे नाव ‘कॅडू’. १९८४ मध्ये तो स्थापन झाला. हा वेल्श भाषेतला शब्द आहे आणि त्याचा अर्थ ‘राखणे’. हे समजले तेव्हा मला फार आनंद झाला, कारण आपल्या भाषेतही हा शब्द विलक्षण भरलेला आहे. आपण शेत राखतो, शब्द राखतो, मान राखतो, कुळाचे नाव राखतो. कोकणात आणि गोव्यात तर गावाच्या सीमेवरच्या देवाला राखणदार म्हणतात, आणि त्याला नारळ ठेवणारा माणूस मूळचा त्या गावचा आहे की काल तेथे राहावयास आला आहे, हे तो राखणदार विचारीत नाही.

गावरच्याच किनाऱ्यावर, समुद्राकडे तोंड केलेल्या कड्यात, पॅव्हिलंडची गुहा आहे. ओहोटीच्या वेळी खडकांवरून उतरूनच तेथे जाता येते. आमच्या गुडघ्यांचा विचार करून आम्ही ती वाट सोडून दिली आणि कड्यावरूनच समुद्र पाहिला. १८२३ मध्ये ऑक्सफर्डचे भूगर्भशास्त्रज्ञ आणि धर्मोपदेशक विल्यम बकलंड यांना तेथे गेरूने माखलेला एक मानवी सांगाडा मिळाला. सोबत हस्तिदंताच्या कांड्या आणि छिद्रे पाडलेले शिंपले होते. कवटी मात्र नव्हती. प्रथम त्यांना तो चोरट्या व्यापाऱ्यांनी मारलेल्या एखाद्या अबकारी शिपायाचा सांगाडा वाटला. सरकारी नोकराचे मरण असे अज्ञात असू शकते, हे मान्य करावयास मी तयार आहे! पुढे त्यांनी मत बदलले आणि तो रोमन काळातील स्त्रीचा ठरवला. त्यावरून ‘रेड लेडी’, म्हणजे ‘लाल बाई’, हे नाव पडले ते आजतागायत सुटलेले नाही. वस्तुतः तो तरुण पुरुष होता, आणि त्याचे दफन सुमारे ३३ ते ३४ हजार वर्षांपूर्वीचे आहे. त्या वेळी आजचा समुद्र कितीतरी मैल दूर होता आणि गुहेसमोर विस्तीर्ण मैदान पसरले होते. कोणीतरी त्याला जपून निजवले होते, गेरू शिंपडला होता, दागिने ठेवले होते.

त्याच्या अस्थी आज ऑक्सफर्डच्या विद्यापीठीय संग्रहालयात आहेत. २००७-०८ मध्ये त्या काही काळ कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयात उसन्या आणल्या होत्या, आणि त्या कायमच्या वेल्सला द्याव्यात अशी मागणी तेथे अनेकदा झाली आहे. कड्यावर वारा खात बसलो असताना पत्नीने विचारले, “अहो, पण हा माणूस वेल्सचा तरी कसा? तेव्हा वेल्स कोठे होते?” तिचा प्रश्न बिनतोड होता. त्या माणसानंतर हिमयुगाची तीव्र लाट आली आणि ती भूमी हजारो वर्षे निर्मनुष्य झाली. त्याच्याशी थेट नाते सांगू शकेल असे तेथे कोणी नाही. वेल्समध्ये नाही आणि ऑक्सफर्डमध्येही नाही. मग मागणी कोणत्या आधारावर करावयाची? या प्रश्नाकडे मी पुढे येईन.

तेथून आम्ही पेंब्रोकशरला गेलो. प्रेसेली डोंगरांच्या उत्तर उतारावर पेंत्रे इवान उभे आहे. चित्रांतून ते अनेकदा पाहिलेले असले तरी प्रत्यक्ष पाहताना माणूस क्षणभर थबकतो. सुमारे पाच मीटर लांब आणि सोळा टन वजनाची शिळा तीन उभ्या दगडांच्या निमुळत्या टोकांवर टेकलेली आहे. जणू आत्ताच कोणी ती अलगद ठेवली आणि बोटे काढून घेतली. साडेपाच हजार वर्षे ती तशीच आहे. १६०३ मध्ये जॉर्ज ओवेन यांनी आपल्या जिल्ह्याच्या वर्णनात तिची नोंद केली आणि १८८२ च्या कायद्याच्या पहिल्याच यादीत तिचे नाव आले. भोवती तारेचे कुंपण नव्हते, तिकिटाची खिडकी नव्हती. गवत नीट कापलेले होते आणि शेजारच्या शेतात मेंढ्या चरत होत्या. पत्नी बराच वेळ त्या कापलेल्या गवताकडे पाहत होती. ती म्हणाली, “यांच्यापैकी कोणाच्याही आजोबाचे हे थडगे नसेल. तरी कोणीतरी येऊन गवत कापून जातो.”

याच प्रेसेलीच्या खडकांमधून स्टोनहेंजचे निळसर दगड नेले गेले, हे १९२३ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ हर्बर्ट थॉमस यांनी दाखवून दिले. अंतर सुमारे सव्वादोनशे किलोमीटर. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात स्टोनहेंज येथील दग्ध अस्थींचे रासायनिक परीक्षण झाले, तेव्हा त्यांपैकी काही माणसे पश्चिमेकडच्या प्रदेशात, बहुधा वेल्समध्ये, राहिलेली असावीत असे दिसून आले. म्हणजे दगड गेले आणि माणसेही गेली. आपल्या पूर्वजांनी देव्हाऱ्यातले टाक कापडात गुंडाळून नर्मदा ओलांडली, त्याची मला आठवण झाली. टाक मुठीत मावतात आणि ते दगड दोन-तीन टनांचे होते, एवढाच काय तो फरक. आपले म्हणून जे मानले ते मागे टाकून न जाण्याची मनुष्याची ओढ मात्र तीच.

किनाऱ्याच्या रस्त्याने उत्तरेकडे जाताना, अ‍ॅबरिस्टविथच्या अलीकडे, एका पडक्या भिंतीवर पांढऱ्या अक्षरांत दोन वेल्श शब्द रंगवलेले दिसतात. त्यांचा अर्थ ‘त्रवेरिनची आठवण ठेवा’. लिव्हरपूल शहराला पाणी हवे म्हणून त्रवेरिन खोऱ्यातले कापेल केलिन हे वेल्श भाषिक गाव १९६५ मध्ये धरणाखाली बुडवण्यात आले. कायदा संमत झाला होता, मोबदला दिला गेला होता. गावाची शाळा, प्रार्थनामंदिर आणि दफनभूमी पाण्याखाली गेली. २००५ मध्ये लिव्हरपूलच्या नगरपालिकेने क्षमा मागितली. २०१९ मध्ये कोणी समाजकंटकांनी ती भिंत पाडली तेव्हा ठिकठिकाणच्या स्वयंसेवकांनी ती पुन्हा उभी केली, आणि तेच शब्द वेल्सभर अनेक भिंतींवर उमटले. ते लिहिणाऱ्या तरुणांपैकी बहुतेकांचा जन्म गाव बुडाल्यानंतर झालेला होता.

भूसंपादनाच्या फायली मी हाताळल्या आहेत. २००४ मध्ये आपल्याकडचे हरसूद इंदिरा सागर धरणासाठी रिकामे झाले, ते या पिढीतल्या सर्वांना आठवत असेल. अशा फायलीत जमीन, घर, विहीर, झाड यांचे मोल लिहिण्यासाठी रकाने असतात. दफनभूमीत किंवा चव्हाट्यावर जे गाडलेले असते त्याचा रकाना नसतो. धरणे बांधू नयेत असे मला म्हणावयाचे नाही. पाणी हेही जीवनच आहे. परंतु त्या भिंतीपाशी उभे असताना एवढे उमगले की कायदेशीर हक्क पूर्णपणे एका बाजूला असू शकतो आणि राखण पूर्णपणे दुसऱ्या बाजूला.

आमचा शेवटचा मुक्काम अँगल्सी बेटावर होता. तेथे ब्रिन केल्ली दी, म्हणजे ‘काळोख्या राईतले टेकाड’, हे पाच हजार वर्षांपूर्वीचे दफनस्थान आहे. अरुंद दगडी बोळातून वाकून आत जावे लागते. उन्हाळ्यातील सर्वांत मोठ्या दिवशी उगवत्या सूर्याचे किरण या बोळातून थेट आतल्या कक्षापर्यंत पोहोचतात. १९२८-२९ मध्ये तेथे उत्खनन झाले तेव्हा वळणावळणाची नक्षी असलेली एक शिळा जमिनीत आडवी पुरलेली आढळली. मूळ शिळा आता कार्डिफच्या संग्रहालयात आहे आणि तिच्या जागी प्रतिकृती उभी आहे. वरचे मातीचे टेकाडही पुनर्रचित आहे. आतल्या कपारीत कोणी रानफुले ठेवली होती, शेजारी दोन नाणी होती.

याच बेटाच्या समुद्रकाठी दुसरे स्थान आहे. त्याच्या वेल्श नावाचा अर्थ ‘राक्षसिणीचा ओचाभर ऐवज’ असा होतो. कोणी राक्षसीण ओच्यातून दगड नेत असताना ते येथे सांडले, अशी कथा. १९५२-५३ मध्ये तेथील कक्षात चुलीचे अवशेष मिळाले आणि त्यात मासे, बेडूक, साप, उंदीर, ससा यांची बारीक हाडे. असा काहीसा रस्सा विस्तवावर ओतून वर शिंपले-गोटे पसरले होते. तो कोणता विधी होता हे सांगणारे आज कोणी नाही. आपल्या श्राद्धाचा अर्थ विसरला गेला आणि केवळ तांदळाचे गोळे मिळाले, तर पाच हजार वर्षांनंतरचा संशोधक काय समजेल, हा विचार तेथे मनात आल्यावाचून राहिला नाही.

आता पत्नीच्या प्रश्नाकडे येऊ. ज्यांनी ही स्थाने बांधली त्यांचे वंशज आजचे वेल्श लोक आहेत काय? गेल्या काही वर्षांत प्राचीन अस्थींतील जनुकांच्या अभ्यासाने याचे बऱ्यापैकी स्पष्ट उत्तर दिले आहे. सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी ब्रिटनमध्ये शेती आणणाऱ्या लोकांची पूर्वपीठिका एजियन समुद्राच्या आसपासच्या प्रदेशातली होती, आणि तेथील आधीचे शिकारी लोक त्यांच्यात जवळजवळ विरून गेले. दगडी दफनस्थाने या शेतकऱ्यांनी उभारली. नंतर, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी, मुख्य भूमीवरून दुसरे लोक आले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासानुसार पुढील काही शतकांत ब्रिटनमधील जनुकीय वारशाचा सुमारे नव्वद टक्के भाग बदलला. ज्यांनी शिळा उचलल्या त्यांचे रक्त आज तेथे अगदी पातळ आहे. वेल्श भाषाही त्या शिळांहून कितीतरी धाकटी आहे. ‘पेंत्रे इवान’ हे नाव उभारणाऱ्यांनी ऐकले असते तर त्यांना त्यातले एक अक्षर कळले नसते.

तेव्हा रक्ताचा निकष लावावयाचा तर पेंत्रे इवानला वारस नाही. ते बेवारस ठरते. महसुली भाषेत बेवारस मालमत्ता सरकारजमा होते. परंतु प्रत्यक्षात ते स्थान बेवारस नाही, हे त्या कापलेल्या गवताने दाखवून दिले होते. ज्यांचा काहीही संबंध नाही अशा लोकांनी तो संबंध राखणीतून निर्माण केला आहे. सोळाव्या-सतराव्या शतकात कोणी त्याची नोंद केली, एकोणिसाव्यात कोणी कायदा केला, विसाव्यात कोणी विटांचा खांब दिला, आणि आज कोणी गवत कापतो. नाते आधी आणि सेवा मागाहून, असा आपला नेहमीचा क्रम. येथे सेवेतून नाते आले.

आपल्या परंपरेलाही ही गोष्ट अपरिचित नाही. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या आहे. ज्यांना पिंड देणारे कोणी उरले नाही त्यांच्यासाठी धर्मपिंड आहे. तर्पण करताना आपण गोत्रातल्यांना पाणी देतो, आणि अखेरीस ज्यांच्याशी आपले काहीच नाते नाही अशांनाही देतो. शास्त्रकारांना हे ठाऊक होते की पितृऋण केवळ आपल्या बापाचे असत नाही.

परंतु येथे एक मोठी हरकत उभी राहते, आणि ती हरकतीच्या मुदतीत ऐकली पाहिजे. जो सांभाळतो तोच वारस, असे म्हटले तर बळजबरीने नेणाऱ्यालाही हा युक्तिवाद उपयोगी पडतो. ऑक्सफर्ड म्हणू शकेल, ‘आम्ही या अस्थी दोनशे वर्षे सांभाळल्या.’ साम्राज्ये नेहमी असेच म्हणत आली आहेत. एखाद्या अनाथ मुलाची इस्टेट हडप करणारा काकादेखील हेच म्हणतो की मीच सारे सांभाळले. मग राखण आणि ताबा यांतला भेद कसा ओळखावा?

यावर पुष्कळ विचार करून मी तीन खुणा निश्चित केल्या आहेत. पहिली खूण टिंकिन्सवुडच्या खांबाने शिकवली : राखणदार आपली भर लपवीत नाही आणि मूळ कर्त्याच्या नावाखाली खपवीतही नाही. दुसरी खूण अशी की राखणदार दार उघडे ठेवतो. जे जपले ते पाहण्याचा, अभ्यासण्याचा, त्यापाशी दोन फुले ठेवण्याचा इतरांचा अधिकार तो मानतो. तिसरी खूण भाषेतच आहे. ‘ताबा’ म्हटले की ‘कोणाचा?’ एवढेच विचारता येते. ‘राखतो’ म्हटले की ‘कोणासाठी?’ हा प्रश्न आपोआप येतो. ज्याच्यापाशी त्या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि योग्य हात पुढे आला असता सोपवून देण्याची ज्याची तयारी आहे, तो राखणदार. ज्याच्यापाशी ते नाही तो कब्जेदार, मग त्याने वस्तू कितीही काळजीपूर्वक कपाटात ठेवलेली असो.

या कसोटीवर पाहिले तर पॅव्हिलंडच्या अस्थींविषयीचा वेल्सचा दावा रक्ताच्या आधाराने टिकत नाही; परंतु दुसऱ्या आधाराने टिकू शकतो. ज्यांनी त्याला निजवले त्यांनी ती जागा निवडली होती. त्या जागेच्या आसपास जे आज राहतात, तो कडा आणि ती गुहा जे जपतात, त्यांना त्या माणसाविषयी काही वाटते. मृताची इच्छा जेवढी आपल्याला कळू शकते तेवढी त्या जागेतूनच कळते, आणि ती जागा ज्यांच्या राखणीत आहे त्यांचे म्हणणे अधिक वजनदार मानावे, असे मला वाटते. पत्नीचे मत किंचित निराळे आहे. तिच्या मते कोठल्याही काचेच्या पेटीपेक्षा त्याची माती बरी. मी तिला अभ्यासकांची बाजू सांगितली. तिला ती पटली नाही. असो.

आता आपल्याजवळचे एक उदाहरण. भोपाळच्या दक्षिणेस, रायसेन जिल्ह्यातील भीमबेटकाच्या शैलाश्रयांत हजारो वर्षांपूर्वीची चित्रे आहेत. १९५७ मध्ये रेल्वेगाडीतून जाताना ते खडक ज्यांच्या नजरेस पडले आणि ज्यांनी त्यांचे महत्त्व जगापुढे आणले, ते डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर उज्जैनचे, आपल्यापैकीच एका मराठी घरातले. २००३ मध्ये या स्थळाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. ती चित्रे काढणाऱ्यांशी वाकणकरांचे कोणते गोत्र जुळत होते? कोणतेही नाही. वाकणकरांच्याही आधी आसपासच्या लोकांनी त्या खडकांना भीमाची बैठक म्हटले होते; जसे वेल्समधल्या लोकांनी एका प्रचंड शिळेला आर्थर राजाच्या बुटातला खडा म्हटले. अनोळखी दगडाला आपल्या वीराचे नाव देणे, हीदेखील राखणीची पहिली, भाबडी पायरी असते. वाकणकरांनी पुढची पायरी चढली. त्यांनी आयुष्यभर डोंगर तुडवले, चित्रे उतरवून घेतली आणि ती ज्यांची होती त्यांचीच ठेवली.

आपल्या घराण्यांचा विचार करताना मला हे फार धीर देणारे वाटते. दोनशे वर्षांपूर्वी आपण या प्रांतात परके म्हणून आलो. येथल्या घाटांवर पायऱ्या बांधल्या, येथल्या नद्यांची स्तोत्रे म्हटली, आणि आज नर्मदा परकी आहे असे आपल्यातला कोणी म्हणणार नाही. उलट बाजूने पाहिले तर आपण जे सोबत आणले त्याचे काय होणार, ही चिंता प्रत्येक घरात आहे. माझा सात वर्षांचा नातू कार्डिफच्या शाळेत वेल्श शिकतो. आम्ही जाऊन आलेल्या गावांची नावे तो आम्हाला दहादा म्हणावयास लावी आणि आमचे उच्चार सुधारी. मराठी त्याला कळते, बोलता येत नाही. त्या भाषेचा तो एक छोटा राखणदार होऊ लागला आहे, याचा मला आनंद झाला आणि त्याच क्षणी काळजात काहीतरी तुटलेही. दोन्ही खरे आहे. एकाने दुसरे खोडले जात नाही.

आमच्या घरी एक लोखंडी पेटी आहे. तिच्यात पणजोबांपासूनचे मोडी कागद आहेत : हिशेब, पत्रे, एका विहिरीच्या वादाचा निवाडा. मला मोडी अडखळत वाचता येते, मुलाला येत नाही, नातवाला येण्याचा प्रश्नच नाही. वंशावळीप्रमाणे ती पेटी कार्डिफला जावयास हवी. परत आल्यावर आम्ही उभयतांनी बसून निराळा निर्णय घेतला. मोडी शिकणारे आणि शिकवणारे जेथे आहेत अशा ठिकाणी ती द्यावयाची, मग त्यांची मातृभाषा मराठी असो वा नसो. आमच्या ओळखीचा एक हिंदी भाषिक विद्यार्थी तीन वर्षे खपून मोडी शिकला आहे; माझ्यापेक्षा तो ती सफाईने वाचतो. त्या विहिरीच्या निवाड्यात त्याला जो रस आहे तो माझ्या चुलतभावंडांत मला कधी दिसला नाही. पत्नीने एकच अट घातली : सर्व कागदांच्या छायाप्रती नातवाच्या नावे ठेवावयाच्या. दार उघडे असावे, एवढ्यासाठी.

रक्ताचे नाते तुच्छ आहे असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. बहुतेक वेळी राखणीची पहिली सवय घरातच लागते, आणि आजीच्या तोंडून ऐकलेली भाषा पुस्तकातून शिकलेल्या भाषेहून खोल जाते. परंतु जन्माने मिळतो तो केवळ अर्ज करण्याचा अधिकार. नोंद व्हावयाची ती कामावरूनच. आणि घरातला अर्जदार आला नाही म्हणून वारसा संपला, असे मानून आपण हळहळत बसलो, तर आपण त्या वारशावर फक्त ताबा ठेवून होतो, त्याची राखण करीत नव्हतो, असेच म्हणावे लागेल. पेंत्रे इवान उभारणाऱ्यांना आपल्यानंतर कोण येणार हे कळण्याचा मार्ग नव्हता. त्यांचे वंशज उरले नाहीत, त्यांचा शब्दही उरला नाही. तरी साडेपाच हजार वर्षांनंतर एक अनोळखी माणूस दर उन्हाळ्यात तेथे गवत कापतो, आणि त्यांच्या वतीने तेवढे पुरेसे आहे.